सातव्याच्या जागी आठवा

ड्रेस्डेनमध्ये मी तीन वर्षं एका घरात भाड्याने राहिलो. त्या घराच्या मालकांनी आपल्या संघाचा पराभव समोर घडताना पाहिला. एका शब्दाने तो थांबवणं त्यांच्या हातात होतं आणि त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. त्या पराभवाने संघ संपला. मी त्यांच्यापासून वीसेक पावलांवर उभा होतो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. धक्का ओसरला असं मी अनेकदा धरून चाललो आहे. कुणाला सांगायला लागलो की कळतं, ओसरलेला नाही.

ते मूळचे पुण्याचे. जर्मनीचे दोन तुकडे होते त्या काळात पूर्वेकडच्या तुकड्यात शिकायला आले, कॅमेऱ्याच्या कारखान्यात लागले, तिथल्याच बाईंशी लग्न केलं आणि राहिले. भिंत पडल्यावर कारखाना बंद झाला. मग चिप बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम केलं. मी गेलो तेव्हा ते निवृत्त होते. पत्नी वारलेली होती. मुलगी बाड हॉम्बुर्गला नोकरी करत होती आणि दर शनिवारी संध्याकाळी फोन करायची. तांत्रिक विद्यापीठात माझी पीएचडी नुकतीच सुरू झाली होती. मी त्यांना काका म्हणत असे.

खोली पाहायला गेलो, तर त्यांनी भाडं, अनामत, पोलीस नोंदणी यातलं काहीच आधी काढलं नाही. क्रिकेट खेळतोस का, असं विचारलं. पुण्यात क्लबकडून खेळायचो, म्हटलं. झेल येतो का? येतो, म्हटलं. शनिवारी मोकळा असतोस का? असतो. "मग खोली तुझी," ते म्हणाले. मला वाटलं, बागकामाला माणूस हवा असेल. शनिवारी त्यांनी मला एल्बे नदीच्या काठच्या एका मैदानावर नेलं. तिथे आठ जर्मन पुरुष हातात चामड्याचे मोठे पंजे घालून उभे होते आणि नवव्याची वाट पाहत होते. तो बेसबॉलचा संघ होता आणि नववा मी होतो. माझी संमती कोणी विचारली नव्हती. काकांनी सदस्यत्वाचा फॉर्म माझ्या नावाने आधीच भरून ठेवला होता, सही तेवढी बाकी होती.

काका खेळत नसत. ते स्कोअरर होते. यजमान संघाने परवानाधारक स्कोअरर आणला नाही, तर त्या लीगमध्ये सामनाच होत नसे. आणि शहरात असा परवाना काढण्याइतका चिकाटीचा दुसरा माणूस नव्हता. फलंदाजाच्या मागच्या जाळीपलीकडे एक घडीचं टेबल, त्यावर स्कोअरशीट, थर्मास, टोकं काढलेल्या तीन पेन्सिली. खोडरबर नाही. लिहिलेलं चुकलं तर लाल पेन्सिलीने शेजारी दुरुस्ती करायची आणि चुकलेलं तसंच दिसू द्यायचं. पाऊस आला तर टेबलावर छत्री धरायची, डोक्यावर नाही. सामना चालू असताना ते टाळी वाजवत नसत, हळहळत नसत, कुणाशी बोलत नसत. चहासुद्धा फक्त डाव बदलताना.

संघात सगळे एकमेकांना ‘दू’ म्हणजे अरे-तुरे करत. काका विशीतल्या खेळाडूलाही ‘झी’ म्हणत, म्हणजे अहो-जाहो. इतकी वर्षं झाली, तरीही. मी कारण विचारलं.

"दू म्हटलं की चूक लिहिताना हात अडखळतो," ते म्हणाले.

चूक लिहिणं हा त्यांच्या कामाचा गाभा होता. बेसबॉलच्या मैदानाला चार कोपरे, म्हणजे बेस असतात, सगळे फिरून आलं की एक रन. फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोचला की स्कोअररला ठरवावं लागतं, तो त्याच्या फटक्यामुळे पोचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे. फटका असेल तर फलंदाजाच्या नावावर हिट. साधा चेंडू सुटला असेल तर सोडणाऱ्याच्या नावावर एरर. चेंडू इतका जोरात असेल की कुणालाच अडवता आला नसता, तर एरर लिहायची नाही. हा निर्णय टेबलावरच्या एकट्या माणसाचा. काका तरुणपणी पुण्याच्या जिमखान्यावर क्रिकेटचे स्कोअर लिहीत. ते म्हणायचे, क्रिकेटच्या वहीत सुटलेला झेल कुठेच नसतो. दुसऱ्या दिवशी तो सुटलाच नव्हता असं म्हणता येतं. इथे माणसाचं नाव राहतं. म्हणून त्यांना हा खेळ बरा वाटे.

माझ्या पहिल्याच सामन्यात एक सोपा चेंडू माझ्या पंजातून निसटला. संध्याकाळी काकांनी गरम वरणभात वाढला, वर तूप घातलं, गुडघ्याला लागलं का विचारलं. मी म्हटलं, चेंडू जरा उसळला होता, हिट देता आला असता. त्यांनी विचार केला आणि नाही म्हणाले. मग पापड भाजायला उठले.

ही फूटपट्टी ते मैदानाबाहेरही लावत. ट्रॅम चुकली तर ती माझी एरर. दूध उतू गेलं तर त्यांची. एकदा त्यांनी पत्नीच्या आजाराबद्दल सांगितलं. निदान उशिरा झालं होतं. मी साहजिकच म्हणालो की डॉक्टरांनी आधी पाहायला हवं होतं. काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "नाही. एरर नाही लिहिता येणार. बॉल फार जोरात होता." मी हातातला कप खाली ठेवला.

एवढा कोरडा माणूस संघावर प्रेम करतो हे मला कित्येक महिने कळलं नव्हतं. संघ वाईट होता. आमचा ट्रेनर माइक स्वतःच खेळायचा, कारण खेळला नाही तर आठच उरत. रॉनी ट्रॅमच्या डेपोत मेकॅनिक होता, दणकट आणि धीमा. बाकीचे विद्यार्थी, एक बेकरीवाला, एक शिक्षक. आम्ही सलग हरायचो. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, आज?" आणि काका म्हणायचे, "लिहून झालं." जिंकलो असलो तर आकडा सांगायचे. आकडा मी फार थोड्या वेळा ऐकला.

पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या कपाटात मला एक निळी वही दिसली. तिच्यात प्रत्येक हरलेला सामना पुन्हा लिहिलेला होता, आमच्या चुका वगळून. सुटलेला चेंडू सुटला नसता तर डाव तिथेच संपला असता, मग पुढचे रन झाले नसते, मग पुढचा फलंदाज वेगळा असता. असं शेवटापर्यंत. बारीक अक्षरात, सालोसाल. काका मागे येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही.

"या वहीप्रमाणे आपण चार वर्षं लीग जिंकतोय," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढच्या वर्षी शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेवर कोण असेल तर किती चुका कमी होतील हे त्यांनी मला उभ्याउभ्या अर्धा तास सांगितलं. त्यांचे कान लाल झाले होते. जाळीमागे बसणारा माणूस तो हाच का, असा मला प्रश्न पडला.

ज्या उन्हाळ्यात देशभर गाड्यांवर फुटबॉलच्या विश्वचषकाचे झेंडे लागले होते, त्या उन्हाळ्याच्या अखेरीस आमची पाळी आली. शेवटचा सामना जिंकलो तर लीगमध्ये टिकणार होतो. हरलो तर खाली, आणि खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबला हे मैदान द्यायला पालिका तयार नव्हती. फुटबॉलवाल्यांचा अर्ज पडून होता. मैदान गेलं की संघ मोडणार हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी त्या आठवड्यात दाढी केली नाही. शनिवारी सकाळी मी विचारलं, काय वाटतं? ते म्हणाले, मी लिहिणारा माणूस, मला काय वाटायचंय. आणि थर्मासमध्ये चहा भरायचं विसरून निघाले.

आता एक नियम सांगणं भाग आहे. क्रिकेटमध्ये कोणी केव्हा फलंदाजीला जायचं हे ऐनवेळी ठरतं. पुढचा पॅड बांधून तयार नसला तर त्याच्या मागचा जातो. आम्ही पुण्यात शेकडो वेळा तसं केलं आहे. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम सामन्याआधी कागदावर दिला जातो आणि तो हलत नाही. क्रम मोडून कोणी गेला आणि प्रतिस्पर्ध्यांनी वेळेत तक्रार केली, तर त्याने जे काही केलं ते रद्द होतं आणि ज्याची पाळी होती तो आउट. तक्रार केली नाही तर सगळं ग्राह्य.

शेवटच्या डावात आम्ही एका रनने मागे होतो. दोन आउट झाले होते, तिसरा झाला की खेळ संपणार. माइक तिसऱ्या बेसवर होता, एक विद्यार्थी दुसऱ्या. पाळी सातव्याची होती, रॉनीची. मी आठवा. मैदानावर स्वच्छतागृह नव्हतं, शेजारच्या छोट्या बागांच्या वसाहतीत जावं लागे. आपली पाळी येणार नाही असं समजून रॉनी तिकडे गेला होता. पंचांनी फलंदाजाला एकदा पुकारलं. दुसऱ्यांदा जरा चिडून पुकारलं. मी हेल्मेट घालून तयार होतो. बाकावरचे सगळे उभे राहून ओरडत होते, कुणाचंही कागदाकडे लक्ष नव्हतं. माइक बेसवरून मला पाहत होता. त्याने नंतर सांगितलं की रॉनी आधीच खेळून गेला असेल असं त्याला वाटलं. पुढचा तयार नाही, मग मागच्याने जायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. मी विचारही केला नाही. मी गेलो.

उभा राहताना माझी नजर जाळीमागे गेली. काकांनी पेन्सिल टेबलावर ठेवली होती आणि दोन्ही हात गुडघ्यांवर, टेबलाखाली. मी त्यांना सामना चालू असताना पेन्सिल खाली ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, दडपण आलं असेल.

दुसरा चेंडू मी उजवीकडे मारला. तो दोघांच्या मधून गेला आणि गवतावर लांब धावला. माइक आला, विद्यार्थी आला. आम्ही एका रनने पुढे. जिंकलो. सगळे माझ्या अंगावर येऊन पडले, बेकरीवाला रडत होता.

मग प्रतिस्पर्ध्यांचा ट्रेनर शांतपणे चालत आला. त्याने मागच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पंचांना दाखवला. पंच जाळीमागे गेले, काकांना काहीतरी विचारलं. काकांनी शीटवर बोट ठेवलं. सातव्या ओळीवर. पंच मागे वळले आणि त्यांनी मूठ वर केली, म्हणजे आउट.

तेवढ्यात बागांच्या बाजूने रॉनी पट्टा आवळत धावत आला, हसत. जल्लोष त्याच्या कानावर गेला होता. तो आउट झाला आहे हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

माइक टेबलापाशी गेला. मी त्याच्या मागे होतो. माइकने विचारलं, तुम्ही पाहिलं होतं?

"या," काका जर्मनमध्ये म्हणाले. हो.

केव्हा? हा हेल्मेट घालून निघाला तेव्हाच. मग सांगितलं का नाही? काकांनी नियमाचा क्रमांक सांगितला. फलंदाज क्रम मोडून आला असेल, तर स्कोअररने ते कुणाच्याही लक्षात आणून द्यायचं नाही. आपल्या संघाच्या नाही, त्यांच्या नाही, पंचांच्याही नाही. विचारलं तरच बोलायचं. नियम खरा आहे. मी नंतर तो शोधून वाचला.

"सोळा वर्षं मी तुम्हाला घरी सोडतोय," माइक म्हणाला, आणि बॅगा भरायला निघून गेला. त्या दिवशी काका आणि मी ट्रॅमने परतलो.

ट्रॅममध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. चूक माझी होती आणि मला राग त्यांचा येत होता. शेवटी म्हटलं, काका, नुसतं खोकला असतात तरी मी वळून पाहिलं असतं.

"खोकला आला होता," ते म्हणाले. "दाबला."

मी विचारलं, आणि त्यांनी कागद काढलाच नसता तर?

"तर जिंकलो असतो. मी तसं लिहिलं असतं."

"चाललं असतं तुम्हाला?"

"चाललं असतं? अरे, त्या माणसाचा हात खिशाकडे जाऊ नये म्हणून मी जेवढा देवाचा धावा केला तेवढा तुझ्या काकू आजारी असताना केला नाही."

समोरच्या सीटवरची बाई आमच्याकडे पाहू लागली. घरी आल्यावर त्यांनी शीट पूर्ण केली. माझ्या नावापुढचा चौकोन कोरा ठेवला, कारण नियमाप्रमाणे मी फलंदाजीला आलोच नव्हतो. माझ्या आयुष्यातला सर्वात चांगला फटका कुठल्याही कागदावर नाही. सोमवारी सकाळी त्यांनी शीट स्वतः पोस्टात नेऊन टाकली. वाटेत दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

तीन आठवड्यांनी क्लबच्या सदस्यांची बैठक झाली, बेकरीच्या मागच्या खोलीत. क्लब बरखास्त करायचा की नाही यावर मतदान होतं. माइकने सांगितलं की पालिकेतल्या माणसाशी तो बोलला आहे. मैदान निम्मा दिवस वाटून घ्यायला फुटबॉलवाले कदाचित तयार होतील. खालच्या लीगमध्ये का होईना, सगळे राहिले तर एक वर्ष काढता येईल. बऱ्याच जणांची तयारी दिसत होती. मी काकांकडे पाहिलं, त्यांचे कान लाल झाले होते.

मग रॉनी उठला. त्याने हिशेब साधा मांडला. आपल्याला कोणी मदत करावी असं म्हणत नाही, तो म्हणाला, पण आपलाच माणूस आपल्याला बुडताना बघत बसतो अशा संघात मी खेळणार नाही. तो काकांकडे वळला. "पुढच्या वेळी खोकाल? एवढंच सांगा. हो म्हणा, मी राहतो."

रॉनी राहिला असता तर नऊ होत होते. गेला तर आठ. खोलीतल्या प्रत्येकाने ते मोजलं होतं. हो म्हणायला काही लागत नव्हतं. ती वेळ पुन्हा कदाचित कधीच आली नसती. शेजारी बसून मी काकांच्या कोपराला हळूच ढोसलं आणि मराठीत म्हटलं, हो म्हणा. कोणी तपासायला येणार नाही.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला.

"टेबलावर बसून?" ते रॉनीला म्हणाले. "नाही."

माइकने एक मार्ग काढून पाहिला. टेबल सोडा, तो म्हणाला, नुसते या, आमच्यात बसा, हवं तेवढं ओरडा. काकांनी विचारलं, मग लिहिणार कोण? माइकने खोलीभर पाहिलं. परवान्यासाठी चेम्निट्झला जाऊन चार शनिवार-रविवार अभ्यासवर्ग करावा लागे. कुणी हात वर केला नाही. मीही नाही. माझा प्रबंध रखडला होता. ते कारण खरं होतं आणि मला पुरेसं वाटलं होतं. रॉनीने जॅकेट घातलं. त्यानंतरचं मतदान पाच मिनिटांत संपलं. विरोधात एकच मत पडलं, काकांचं.

हिवाळाभर ते शनिवारी घरात फिरत. फोन आला की मुलगी आता "बाबा, आज?" असं विचारत नसे. काका आपण होऊन तिला हवामान सांगत.

एप्रिलमध्ये एका शनिवारी ते नेहमीच्या वेळी कोट घालून बाहेर पडले. हातात काही नव्हतं. मला काळजी वाटली म्हणून मी पुढची ट्रॅम धरून मैदानावर गेलो. जाळी काढून टाकली होती, मातीचे बेस उकरून गवत पेरलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांचा फुटबॉलचा सामना चालू होता, सुटलेली पोटं, गुडघ्यांना पट्टे. काका बाजूच्या रेषेवर उभे होते. मी शेडपाशी थांबलो.

ते ओरडत होते. तीन वर्षांत मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मोठा, फाटका, न थांबणारा आवाज. कोण मोकळा आहे, कोण मागून येतो आहे, कुणाचं लक्ष नाही, सगळं जर्मनमध्ये, दोन्ही संघांना. फुटबॉलमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं. शेजारच्या बाईने विचारलं, यातले तुमचे कोणते? त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण समोर चेंडू सुटला होता. गोलरक्षक, एक टकला, दमलेला माणूस, भलतीकडे पाहत होता. काकांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मराठीत ओरडले, "अरे डावीकडे! डावीकडे बघ!"

तो माणूस डावीकडे वळला आणि चेंडू त्याच्या पोटावर येऊन आदळला.